कोंबड्यांचं पाणी गोठू नये म्हणून: थंडी पडण्याआधीपासूनचा कामाचा क्रम

दर डिसेंबरात तीच गोष्ट घडते. पहिली कडाक्याची रात्र येते, सकाळी भांड्यात बर्फाची वडी दिसते, आणि माणूस थेट दुकानात जाऊन पाणी तापवणारं एखादं उपकरण घेऊन येतो. घरातली पांढरी एक्स्टेंशन कॉर्ड खिडकीतून बाहेर काढतो, भांड्याला गवताचा पेंढा गुंडाळतो आणि निश्चिंत होतो. क्रम उलटा झालेला असतो. उपकरण ही बरीच नंतरची पायरी आहे. आधी जागा, मग भांडं, मग वीज.

हा लेख मिनेसोटा, मिशिगन, ऑन्टारियोसारख्या ठिकाणी घरामागे चार ते दहा कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी आहे. निफाडला पारा चार-पाचवर आला की वर्तमानपत्रात बातमी येते, पण तिथे कोंबडीचं पाणी गोठत नाही. इकडे नोव्हेंबर ते मार्च तो रोजचा प्रश्न असतो.

### कामाला लागण्याआधी: कोंबडी किती पिते आणि कधी पिते

अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. उन्हाळ्यात याच्या दुप्पट, थंडीत थोडं कमी. म्हणजे सहा कोंबड्यांना हिवाळ्यात दीड-दोन लिटर पुरतं. अंड्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, त्यामुळे पाणी तुटलं की आधी अंडी थांबतात. त्याहून वाईट म्हणजे तहानलेली कोंबडी दाणेही कमी खाते, आणि कडाक्याच्या थंडीत तिच्या अंगातली ऊब दाण्यांतूनच येते.

आता महत्त्वाचा भाग. कोंबडी अंधारात पाणी पीत नाही. एकदा दांडीवर चढली की उजाडेपर्यंत खाली उतरत नाही. मिनिॲपोलिसला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. उरलेले पंधरा तास भांड्यात पाणी आहे की बर्फ, याने कोंबडीला काही फरक पडत नाही. सर्वांत जास्त पाणी ती सकाळी उतरल्या उतरल्या आणि संध्याकाळी दांडीवर चढण्याआधी पिते. तेव्हा चोवीस तास पाणी पातळ ठेवण्याचा हट्ट धरू नका. या दोन वेळा हुकू देऊ नका आणि दिवसा मध्ये फार खंड पडू देऊ नका, एवढं साधलं तरी पुष्कळ.

### टप्पा १: ऑक्टोबरातच तीन गोष्टी ठरवा

पहिली, तुमच्याकडे नेहमीची थंडी किती असते. एखाद्या वर्षीचा विक्रम धरू नका, जानेवारीतली रोजची रात्र धरा. दिवसा पारा शून्याच्या आसपास आणि रात्री उणे ७ सेल्सिअसपर्यंत, म्हणजे २० फॅरनहाइटपर्यंत जात असेल, तर विजेशिवाय निभावतं. रात्री त्याखाली जाऊन दिवसाही शून्याच्या वर येत नसेल, तर वीज हवी. उणे १८ च्या, म्हणजे ० फॅरनहाइटच्या खाली आठवडाच्या आठवडा राहत असेल, तर वीज हवी आणि ती बंद पडली तर काय करायचं याचीही तयारी हवी.

दुसरी, दिवसा घरी कोण असतं. दुपारी एकदा खुराड्यापर्यंत जाऊ शकणारं कोणी असेल तर अर्धा प्रश्न सुटला. दोघंही सकाळी सातला कामावर जाऊन संध्याकाळी सहाला येत असाल, तर सौम्य थंडीतही उपकरण घ्यावं लागेल.

तिसरी, पाणी आणणार कुठून. बाहेरचा नळ थंडीआधी बंद करून पाइप रिकामा करावाच लागतो, नाहीतर भिंतीतला पाइप फुटतो. म्हणजे पाणी घरातून न्यायचं. झाकणाचे दोन कॅन वेगळे काढून ठेवा. ते तळघरातल्या कपडे धुण्याच्या सिंकवर भरा. कोंबड्यांची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, त्यांवर साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जिवाणू, असू शकतो. बाहेर गोठतंय म्हणून भांडं आत आणून ताटवाट्यांशेजारी धुतलं जातं, आणि हे आपल्याकडच्या सोवळ्यातल्या घरांतही सर्रास चालतं.

तपासा: खुराड्यापासून बाहेरच्या विजेच्या सॉकेटपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. टप्पा ६ मध्ये लागेल.

### टप्पा २: भांड्याची जागा

निम्मा फरक जागेनेच पडतो. उघड्यावरच्या वाऱ्यात पाण्याची ऊब भराभर निघून जाते. भांडं जाळीच्या बंदिस्त अंगणात, वर छप्पर असलेल्या कोपऱ्यात ठेवा. वारा येतो त्या बाजूला प्लायवुडचा तुकडा किंवा जाड पारदर्शक प्लॅस्टिक लावा. दक्षिणेचं ऊन येत असेल तर फारच छान. काळं भांडं उन्हात ठेवलं की शून्याच्या थोडं खाली पारा असतानाही पाणी दुपारपर्यंत तग धरतं.

छपराचं आणखी एक कारण आहे. अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ पासून पाळीव कळपांमध्ये बर्ड फ्लूचा संसर्ग सुरू आहे आणि तो रानपक्ष्यांकडून येतो. हिवाळ्यात सगळीकडे गोठलेलं असताना तुमचं न गोठलेलं पाणी हे आसपासच्या पक्ष्यांना आयता पाणवठा ठरतं. वर छप्पर, बाजूंना बारीक जाळी, हे हवंच.

मग भांडं खुराड्याच्या आतच का ठेवू नये? आत उबदार असतं, हा विचार स्वाभाविक आहे. पण पाण्याची वाफ, सांडलेल्या पाण्याने ओला झालेला भुसा, शिवाय कोंबड्यांच्या श्वासातला आणि विष्ठेतला ओलावा असं सगळं मिळून आतली हवा दमट होते. थंडी आणि दमटपणा एकत्र आले की तुऱ्यावर आणि चोचीखाली लोंबणाऱ्या लाल कातडीवर, म्हणजे वॅटलवर, हिमदंश होतो. टोकं आधी फिकट, मग काळी पडतात. कोरड्या थंडीत कोंबडी बरीच टिकते, दमट थंडीत नाही. म्हणून पाणी शक्यतो बाहेरच्या अंगणात. कोंबड्या आतच कोंडून ठेवाव्या लागतात अशा ठिकाणी निपलची बादली वापरा, म्हणजे टोचलं की थेंब सोडणाऱ्या छोट्या तोट्या बसवलेली बंद बादली, उघडं भांडं नको.

सावधान: पाणी गोठू नये म्हणून खुराड्याची हवा जाण्याची भोकं बुजवू नका. दांडीच्या वर, छपराजवळची भोकं कडाक्याच्या थंडीतही उघडीच राहायला हवीत.

### टप्पा ३: भांडं निवडा

उथळ आणि पसरट भांडं सर्वांत आधी गोठतं. खोल आणि अरुंद भांडं उशिरा. जास्त पाणी सावकाश गोठतं हेही खरं, पण दोन कोंबड्यांसाठी वीस लिटरची टाकी ठेवली तर रोज शिळं, घाण पाणी राहतं आणि गोठलंच तर उचलताही येत नाही.

प्रकार चार, आणि माझं मत स्पष्ट आहे.

जाड काळ्या रबराचं टोपलं विजेविना चालवायला सर्वोत्तम. गोठलं तरी फुटत नाही. उलटं करून बुडावर पाय दिला की बर्फाची वडी सुटून येते.

साध्या प्लॅस्टिकचा उलट्या बरणीचा ड्रिंकर उन्हाळ्यात चांगला. एक-दोनदा गोठला की तडकतो. ऑक्टोबरअखेर धुऊन माळ्यावर टाका.

दुहेरी भिंतीचा, जस्ताचा मुलामा दिलेला ड्रिंकर विजेवर तापणाऱ्या बैठकीवर ठेवायला हाच हवा. मात्र यात सफरचंदाचं व्हिनेगर घालायचं नाही, जस्त खातं. आणि व्हिनेगर घातलं तरी पाणी गोठायचं थांबत नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे.

निपलची बादली सर्वांत स्वच्छ, आणि वॅटल भिजत नाहीत हा मोठा फायदा. पण निपल आडवे हवेत, बादलीच्या बाजूला बसवलेले. बुडाला खाली लोंबणारे उभे निपल आधी गोठतात, कारण धातूची पिन उघड्या हवेत असते आणि तिच्या टोकाला थेंब थांबतो. तीन-चार कोंबड्यांमागे एक निपल धरा. बादलीच्या झाकणाला हवा आत जायला छोटं भोक ठेवा, नाहीतर आत निर्वात होऊन पाणी यायचं थांबतं आणि तुम्हाला वाटतं गोठलं.

उघडं भांडं असेल तर त्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल अशी विटेवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर मांडणी करा. खाली ठेवलेल्या भांड्यात दहा मिनिटांत भुसा जातो.

### टप्पा ४: विजेविना, दोन भांड्यांची पाळी

थंडी मध्यम असेल आणि घरी कोणी असेल तर एवढ्यावर हिवाळा निघतो. सहा कोंबड्यांखालच्या कळपाला मी हीच पद्धत आधी सुचवेन, दुकानात जायच्या आधी.

१. सारखी दोन रबरी टोपली घ्या. एक बाहेर, एक घरात किंवा तळघरात.

२. सकाळी कोंबड्या सोडताना घरातलं टोपलं बाहेर न्या. त्यात कोमट पाणी ओता, अंगाला सोसवेल इतपतच. उकळतं ओतलं तर वाफ उठते, कोंबड्या त्यावर वाकतात, तुरा-वॅटल ओले होतात आणि मग तेच गोठतात.

३. टोपलं पूर्ण भरू नका. तीन लिटर पुरे. काठोकाठ भरलेलं सांडतं आणि भोवती बर्फाची घसरगुंडी होते.

४. गोठलेलं टोपलं आत घेऊन या. बर्फ अंगणाबाहेर उपडा करा. अंगणातच टाकलात तर मार्चमध्ये त्याचा चिखल होतो.

५. दुपारी एकदा आणि अंधार पडण्याच्या तासभर आधी एकदा, अशी हीच पाळी.

६. अंधार पडल्यावर टोपलं रिकामं करून उलटं ठेवा. रात्री त्यात पाणी ठेवून काही साधत नाही.

टोपल्याभोवती आवरण करायचं तर जुन्या टायरच्या पोकळीत भुसा किंवा फोम भरून मध्ये टोपलं बसवा. लक्षात ठेवा, आवरण ऊब निर्माण करत नाही, फक्त जाणारी ऊब रोखतं. एक-दोन तास मिळतात, रात्र नाही.

सावधान: थर्मोकोल आणि फोम कोंबड्यांना फार आवडतात. उघडं दिसलं की टोचून टोचून खातात. आवरण लाकडाने किंवा पत्र्याने पूर्ण झाकलेलं हवं.

### टप्पा ५: वीज घ्यायची तर

उपकरण निवडताना एक साधा हिशेब करा. चार लिटर पूर्ण गोठलेलं पाणी वितळवायला सुमारे १,३३६ किलोज्यूल उष्णता लागते. ६० वॉटचं भांडं तासाला २१६ किलोज्यूल देतं. म्हणजे एक थेंब उष्णता वाया न जाता सहा तासांहून जास्त, आणि बाहेरच्या थंडीत ती वाया जातेच. ही उपकरणं पाणी पातळ ठेवण्यासाठी असतात, बर्फ वितळवण्यासाठी नसतात. म्हणून सुरुवात नेहमी पातळ पाण्याने करा. रात्री बंद ठेवून सकाळी बर्फावर चालू केलं तर दुपारपर्यंत कोंबड्या कोरड्याच.

छोट्या कळपाला कुत्र्यासाठी मिळणारं तापणारं भांडं चालतं, साधारण २५ ते ६० वॉटचं. उघडं असल्याने वॅटल भिजतात आणि घाणही पडते, त्यामुळे वर जाळी बसवा, चोच जाईल पण पाय जाणार नाही अशी. जस्ताच्या ड्रिंकरखाली ठेवायची तापणारी बैठक बहुधा १२५ वॉटची असते. ती चोवीस तास चालली तर दिवसाला ३ युनिट, महिन्याला ९० युनिट. थर्मोस्टॅट असेल तर बरंच कमी, कारण बहुतेक बैठका पाणी गोठण्याच्या जवळ आल्यावरच सुरू होतात. खोक्यावर दोन गोष्टी वाचा: किती थंडीपर्यंत चालते, आणि प्लॅस्टिकचं भांडं वर ठेवलेलं चालतं का. बऱ्याच बैठका फक्त धातूसाठी असतात.

निपलच्या बादलीत बुडवायला हीटर हवा असेल तर जनावरांच्या किंवा पक्ष्यांच्या पाण्यासाठी बनवलेला, प्लॅस्टिकच्या भांड्यात चालेल असं लिहिलेला घ्या. माशांच्या टाकीचा काचेचा हीटर स्वस्त म्हणून पुष्कळ जण घालतात. पाणी कमी होऊन काच उघडी पडली आणि मग थंड पाणी ओतलं की तो तडकतो. तो दिवाणखान्यातल्या टाकीसाठी बनवलेला असतो.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ४० वॉटचा बल्ब बसवून वर ड्रिंकर ठेवायचा, ही घरगुती युक्तीही ऐकली असेल. ती जुन्या तारेच्या बल्बवर चालायची. अमेरिकेत २०२३ पासून तसे बल्ब दुकानांतून जवळपास गेले, आणि एलईडी बल्बने डबा तापत नाही.

सावधान: २५० वॉटचा लाल हीट लॅम्प पाण्यासाठी किंवा खुराड्यासाठी लावू नका. कोरडा भुसा, उडणारी पिसं, फडफडणाऱ्या कोंबड्या आणि एका क्लिपवर लटकणारा तापलेला दिवा. खुराड्यांना आगी लागतात त्या अशाने.

### टप्पा ६: जोडणी

१. बाहेरचा सॉकेट जीएफसीआयचा असावा. ओलाव्यात वीज गळू लागली की तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या, इथे काटकसर नको.

२. कॉर्ड बाहेरच्या वापराची, टप्पा १ मध्ये मोजलेल्या अंतराला पुरेल अशी एकच घ्या. लांब अंतराला जाड तारेची, १४ किंवा १२ गेजची. दोन कॉर्ड एकमेकींना जोडून लांबी वाढवू नका.

३. उपकरणाचा प्लग आणि कॉर्ड जिथे जुळतात तो सांधा जमिनीपासून वर, पाणी न शिरणाऱ्या डब्यात ठेवा. सांध्याच्या आधी कॉर्डला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून जाईल, प्लगमध्ये शिरणार नाही.

४. कोंबड्या टोचतात, उंदीर कुरतडतात. अंगणातला वायरचा सगळा भाग धातूच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या नळीतून न्या.

५. बैठक सपाट ठोकळ्यावर ठेवा. भोवती पेंढा रचू नका.

तापमानावर आपोआप चालू-बंद होणारा छोटा प्लग मिळतो. तो साधारण ३५ फॅरनहाइटला, म्हणजे २ सेल्सिअसच्या आसपास सुरू होतो आणि ४५ ला, म्हणजे ७ सेल्सिअसला बंद होतो. हा प्लग हवेचं तापमान बघतो, पाण्याचं नाही. तो गॅरेजच्या आत लावून कॉर्ड बाहेर काढली तर गॅरेज उबदार असल्याने तो सुरूच होत नाही, आणि बाहेर पाणी दगड होतं. तो खुराड्याजवळच्या थंड हवेतच हवा.

### टप्पा ७: थंडीआधी सवय आणि चाचणी

निपलची बादली पहिल्यांदाच वापरणार असाल तर ती ऑक्टोबरात लावा. उघड्या भांड्यावर वाढलेल्या कोंबडीला निपल ओळखायला काही दिवस जातात. सुरुवातीला दोन्ही ठेवा, मग उघडं भांडं दिवसातून थोडा वेळ काढा. एक शिकली की बाकीच्या बघून शिकतात. सगळ्या पितायत हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय जुनं भांडं काढू नका.

उपकरणाची चाचणीही पहिल्या हलक्या गोठणाऱ्या रात्रीच घ्या. संध्याकाळी पातळ पाणी भरा, उपकरण सुरू करा, सकाळी उजाडताच जाऊन बघा. वर पापुद्रा दिसला तर जागा किंवा आवरण बदला. अजून वेळ आहे, दुकानात मालही आहे. जानेवारीत दोन्ही नसतात.

### टप्पा ८: रोजचं काम

सकाळी जाऊन बोट बुडवून बघा. नुसतं लांबून बघू नका, स्वच्छ बर्फ पाण्यासारखाच दिसतो. निपल असतील तर प्रत्येक दाबून थेंब येतो का बघा, कारण बादलीत पाणी पातळ आणि निपलचं टोक गोठलेलं असं होतं. जीएफसीआयने प्रवाह तोडला असेल तर बाहेरून काही कळत नाही, तेव्हा त्याचा दिवाही बघा. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा.

कोंबड्या बर्फाला टोचत असतील, भांड्याभोवती गर्दी करत असतील, दाणे तसेच उरत असतील, तर पाणी पुरत नाही असं समजा. बर्फ खातात की, मग काय झालं, असं काही जण म्हणतात. खातात खऱ्या, पण तो वितळवायला अंगातली ऊब खर्च होते. त्यावर भरवसा ठेवायचा नाही. सकाळी कोमट पाण्यात कालवलेलं खाद्य थोडं द्या, त्यातून बऱ्यापैकी पाणी पोटात जातं. पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढंच, उरलेलं गोठतं.

आणि पाण्यात काही मिसळायचं नाही. मीठ नाही, ग्लिसरीन नाही. गाडीतलं अँटीफ्रीझ विष आहे. मिठाच्या पाण्याची बाटली भांड्यात तरंगत ठेवा, असंही सांगतात. बाटलीतलं खारट पाणी गोठत नाही, पण बाहेरचं गोडं पाणी खुशाल गोठतं. बाटली गळली तर वेगळाच त्रास, कोंबड्यांना मीठ सोसत नाही.

### टप्पा ९: वीज गेली तर, आणि तुम्ही भारतात गेलात तर

३० जानेवारी २०१९ ला मिनिॲपोलिसला उणे २८ फॅरनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस नोंदलं गेलं. अशा दिवशी बहुतेक उपकरणं हात टेकतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात उलटं झालं: थंडीची सवयच नसलेल्या भागात वीज दिवसचे दिवस गेली आणि नळही गोठले. ऑस्टिन-डॅलसकडच्या मराठी वाचकांनीही रबराची दोन टोपली घरात ठेवावीत ती यासाठी. वादळाचा इशारा आला की घरात कॅन भरून ठेवा. विहिरीवर पंप असेल तर वीज गेली की पाणीही गेलं.

भारतवारी आपण बहुतेक डिसेंबरातच करतो, शाळांना सुट्टी असते म्हणून. म्हणजे ऐन थंडीत कोंबड्या शेजाऱ्यावर. त्याला तोंडी सांगून जाऊ नका. एका कागदावर लिहून खुराड्याच्या दारावर आतून चिकटवा: सकाळी कधी, संध्याकाळी अंधाराआधी कधी, पाणी कुठल्या सिंकवरून, टोपली कुठे, जीएफसीआयचं बटण कुठे, आणि पाणी गोठलेलं आढळलं तर आधी टोपलं ठेवायचं, मग बाकीचं. निघण्याआधी दोन दिवस त्यालाच सगळं करायला लावा, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा. अंडी अर्थातच त्याची.